आयसीयूत नवीन लागलेल्या सिस्टर, त्यांचं ओरिएंटेशन आणि त्या टिकाव्यात म्हणून काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूत माझी सतरा वर्षं गेली, आधी स्टाफ म्हणून, मग इनचार्ज म्हणून, आणि आता नवीन मुला-मुलींना शिकवायचं काम करते. खालचे प्रश्न मला सारखे येतात, काही नवीन लागलेल्या सिस्टरांचे, काही इनचार्ज आणि मेट्रनचे, काही छोटं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांचे. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकलंय. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते म्हणजे बाकीचं वाचायला सोपं जाईल: नवीन सिस्टरला पहिले तीन महिने रोस्टरमध्ये हेडकाउंट म्हणून धरू नका. ती शिकायला आलीये, जागा भरायला नाही. मुली सोडून का जातात याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण हेच की त्यांना फार लवकर एकटं सोडलं जातं.

इंडक्शन होतंच की जॉइन झाल्यावर, मग ओरिएंटेशन वेगळं कशाला पाहिजे?

इंडक्शन म्हणजे एचआरवाले दोन-तीन दिवस हॉलमध्ये बसवून जे सांगतात ते. सुट्ट्यांचे नियम, पीएफचा फॉर्म, आग लागली तर काय करायचं, हात कसे धुवायचे, कचरा पिवळ्यात टाकायचा की लाल पिशवीत. ते गरजेचं आहेच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्या हॉलमधून थेट व्हेंटवरच्या (व्हेंटिलेटरवरच्या) पेशंटच्या बेडजवळ आणून उभी केलेली मुलगी काय करणार? ओरिएंटेशन बेडजवळ होतं, कोणाच्यातरी सोबत होतं, आणि रोज थोडं थोडं होतं.

मग ते नक्की किती दिवसांचं असावं?

मी सांगते ते आकडे अनुभवाचे आहेत, कुठल्या कायद्यातले नाहीत. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून थेट आयसीयूत आलेली फ्रेशर असेल तर बारा आठवडे, वॉर्डात दोन-तीन वर्षं काम केलेली असेल तर सहा ते आठ, दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसीयूतून आलेली असेल तरी दोन-तीन आठवडे द्याच, कारण तिथलं व्हेंट वेगळं, औषधाचे पंप वेगळे, नॉरॅडचं (ब्लड प्रेशर टिकवायचं औषध) डायल्युशन म्हणजे पातळ करायचं प्रमाण वेगळं, आणि अनुभवी आहे म्हणून पहिल्याच दिवशी दोन पेशंट दिले की चुका तिथेच होतात.

बारा आठवडे ऐकून मालक लोकांचा चेहरा पडतो. पण विचार करा, आयसीयूत रोज एकाच प्रकारचा पेशंट येत नाही. एखाद्या महिन्यात आयसीडीचा (छातीत नळी टाकलेला) एकही पेशंट नसतो, एखाद्या महिन्यात डायलिसिसवरचे चार असतात, साप चावलेला पावसाळ्यात येतो, ऑरगॅनोफॉस्फरस (कीटकनाशक) पॉयझनिंगचा तर कधी पण. मुलीला हे सगळं कोणीतरी सोबत असताना एकदा तरी बघायला मिळालं पाहिजे.

मी साधारण असं करते. पहिले दोन आठवडे ती फक्त प्रिसेप्टरच्या (सोबत राहून शिकवणाऱ्या सिस्टरच्या) मागे, हात लावायचा पण जबाबदारी घ्यायची नाही. मग एक स्टेबल पेशंट, बायपॅपवरचा (मास्कने श्वास देणारं मशीन) किंवा पोस्ट-ऑप, प्रिसेप्टर शेजारच्या बेडला. सातव्या आठवड्यापासून व्हेंट आणि आयनोट्रोपवाला (हृदयाला, प्रेशरला आधार देणारं औषध चालू असलेला) पेशंट. आणि शेवटचे दोन-तीन आठवडे नाईटला, पण सोबतच. हे नाईटचं सगळे विसरतात. तीन महिने सकाळच्या ड्युटीत शिकवतात आणि मग एकदम नाईटला एकटी, आणि रात्री तीन वाजता युनिट पूर्ण वेगळं असतं, माणसं कमी, लॅबचे रिपोर्ट उशिरा, रेसिडेंट डॉक्टर दुसऱ्या कॉलवर गेलेला, आणि पेशंट बिघडतो तो नेमका तेव्हाच.

पहिल्या आठवड्यात मला सगळंच शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

सगळं शिकायला जाऊ नका, डोक्याचा भुगा होतो आणि काहीच राहत नाही. पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट पक्की करून घेते, ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घेतल्यावर स्वतःचा बेड तपासणे. रोज, प्रत्येक शिफ्टला, न चुकता. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) बेडला आहे का आणि मास्क पेशंटच्या तोंडाला बसेल त्या साइजचा आहे का, सक्शन चालू करून नळी बोटाने दाबून बघायची की ओढ येतेय का, मॉनिटरचे अलार्म कोणी बंद करून ठेवलेत का, ईटी ट्यूब (श्वासनळीत घातलेली नळी) ओठाजवळ किती सेंटिमीटरवर फिक्स केलीये आणि ओव्हरमध्ये सांगितलेला आकडा तोच आहे का, ट्यूबच्या कफचं (टोकाजवळच्या फुग्याचं) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या मधे आहे का, बेडची डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का. मग पंपापासून सुरू करून प्रत्येक लाईन हाताने धरत धरत पेशंटपर्यंत जायचं, नुसतं डोळ्याने नाही. आणि शेवटी पेशंट वळवून पाठ बघायची.

सवय झाली की पाचच मिनिटं लागतात. आणि ही पाच मिनिटं केलेली मुलगी नंतर अलार्म वाजला की गोंधळत नाही, कारण तिला माहीत असतं की आपलं सामान कुठे आहे. क्रॅश कार्टचं (इमर्जन्सी औषधांच्या ट्रॉलीचं) पण तसंच, कुठल्या ड्रॉवरमध्ये काय आहे हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, मी खरंच डोळे मिटायला लावते.

व्हेंटचा अलार्म वाजला की हातपाय गळतात, काय करू?

आधी पेशंटकडे बघा, मशीनकडे नंतर. छाती हलतेय का, रंग कसा आहे, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती. पेशंट खालावत असेल तर व्हेंटच्या स्क्रीनशी झटापट करत बसायचं नाही, जोरात हाक मारायची, सर्किट काढायचं आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर अंबूने बॅगिंग सुरू. मग डोप (DOPE) ही चार अक्षरं आठवायची: डी म्हणजे ट्यूब सरकली किंवा निघाली, ओ म्हणजे अडकली, कफाचा गोळा असेल, पेशंट चावत असेल, पी म्हणजे न्यूमोथोरॅक्स, फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठलीये, ई म्हणजे इक्विपमेंट, मशीनच बिघडलंय. बॅगिंग केल्यावर पेशंट लगेच सुधारला तर दोष बहुतेक मशीन किंवा सर्किटमध्ये. बॅग दाबायलाच जड जातेय तर ट्यूबमध्ये सक्शन कॅथेटर घालून बघा जातंय का. अलार्म हाय प्रेशरचा असेल तर अडथळा शोधायचा, लो प्रेशरचा असेल तर कुठेतरी निसटलंय किंवा गळतंय, एवढं पहिल्या महिन्यात पुरे.

व्हेंटची भीती वाटणाऱ्या मुलींना मी कोपनहेगनची गोष्ट सांगते. १९५२ मध्ये तिथे पोलिओची भयंकर साथ आली, श्वास बंद पडलेले पेशंट आणि मशीन मूठभर. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी गळ्यातून ट्यूब टाकून हाताने बॅग दाबायची पद्धत सुरू केली, आणि शेकडो मेडिकल स्टुडंट पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे बॅग दाबत बसले. त्यातूनच पुढच्या वर्षी तिथे पहिलं आयसीयू उभं राहिलं. म्हणजे मशीनच्या आधी माणसाचे हात होते, आणि मशीन बंद पडलं तरी तुमच्या हातात बॅग आहे, हे एकदा मनात बसलं की अलार्मची भीती अर्धी होते.

पंपाचं गणित जमत नाही, सिनियर नुसता आकडा सांगतात.

नुसता आकडा घेऊ नका, गणित करून घ्या, एकदा कागदावर करून बघितलं की कायमचं बसतं. समजा नॉरॅड ४ मिलिग्राम ५० मिलीमध्ये आहे, म्हणजे एका मिलीत ८० मायक्रोग्राम. पेशंट ६० किलोचा, डॉक्टरांनी सांगितलं ०.१ मायक्रोग्राम पर किलो पर मिनिट. तर मिनिटाला ६ मायक्रोग्राम, तासाला ३६० मायक्रोग्राम, भागिले ८०, म्हणजे तासाला साडेचार मिली. तुमच्या युनिटचं डायल्युशन वेगळं असेल तर तो आकडा घालून करा. आम्ही पंपाच्या स्टँडला तक्ता लावलाय, पण तक्ता बघायच्या आधी गणित करायचं असा नियम आहे.

आणि सिरिंज बदलताना काय होतं ते ऐका, कारण हे मी स्वतः करून बसलेली आहे. नोकरीला लागून चार महिने झाले होते, तीन पेशंट माझ्याकडे, नॉरॅडची सिरिंज संपायला आली, मी जुनी काढली आणि मग नवीन भरायला घेतली. दीड-दोन मिनिटं गेली असतील. वरचं प्रेशर ११० वरून ५० वर आलं आणि मला कळेचना काय झालं, मी आर्ट लाईन (प्रेशर मोजायला धमनीत घातलेली नळी) फ्लश करत बसले, मला वाटलं रीडिंग चुकतंय. शेजारच्या बेडच्या सिनियर सिस्टर धावत आल्या, त्यांनी सिरिंज लावली, पंप चालू केला, प्रेशर वर आलं, पेशंट वाचला. मग त्या मला पँट्रीत घेऊन गेल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "नवीन सिरिंज आधी भरून दुसऱ्या पंपाला लावून ठेवायची आणि मग जुनी काढायची, हे तुला कोणी शिकवलं होतं का?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग ही चूक आमची आहे." त्या दिवशी त्या ओरडल्या असत्या तर मी संध्याकाळीच राजीनामा दिला असता, माझी बॅग मनात भरून झाली होती.

प्रिसेप्टर कोणाला करायचं? आमच्याकडे सगळ्यात सिनियर सिस्टरला करतात.

सगळ्यात सिनियरच पाहिजे असं काही नाही. वीस वर्षं काम केलेल्या सिस्टरचे हात आपोआप चालतात, पण ती का करते हे तिला शब्दात सांगता येईलच असं नाही. पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या, बीएस्सीला आपण सगळ्यांनी त्या पाठ केल्यात, पण वापरत कोणी नाही. त्यांचं म्हणणं असं की तज्ज्ञ माणूस नियम आठवून काम करत नाही, त्याला परिस्थिती बघताच कळतं. आणि नवशिक्याला तर नियमच लागतो. म्हणून तीन ते पाच वर्षं झालेली, शांत स्वभावाची, प्रश्न विचारल्यावर न चिडणारी सिस्टर मला प्रिसेप्टर म्हणून जास्त चालते. तिला स्वतःची पहिली नाईट अजून आठवत असते.

बेनर बाईंची दुसरी गोष्ट वॉर्डातून आलेल्यांसाठी फार कामाची आहे: एका ठिकाणी तज्ज्ञ असलेला माणूस नवीन ठिकाणी परत नवशिका होतो. वॉर्डात दहा वर्षं काढलेली सिस्टर आयसीयूत आल्यावर रडते ना, तिला वाटतं मी एवढी सिनियर आणि मला आर्ट लाईन झिरो करता येत नाही. तिला हे आधीच सांगून टाका.

एक पाळा. बारा आठवड्यांत दोनच प्रिसेप्टर, त्यापेक्षा जास्त नको. रोज वेगळीच्या हाताखाली दिलं की एक म्हणते असं कर, दुसरी म्हणते असं कोणी शिकवलं तुला. आणि प्रिसेप्टरला त्या दिवसात पेशंट कमी द्या आणि पगारात थोडा का होईना भत्ता द्या. फुकटात दुप्पट काम सांगितलं की ती चिडचिड नवीन मुलीवरच निघते.

सिनियर सगळ्यांसमोर ओरडतात, सहन करायचं का?

पेशंट बिघडत असताना आवाज चढतो, ते मनावर घेऊ नका. पण ओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर अक्कल काढणे, मुद्दाम अवघड पेशंट देऊन मदत न करणे, प्रश्न विचारला की "कॉलेजात काय शिकलीस" म्हणणे, हे सहन करायची गरज नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी प्रिसेप्टरशी, मग इनचार्जशी बोला. इनचार्जसाठी सांगते, "आम्ही पण असंच शिकलो" हे मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. आपल्या बॅचमधल्या किती जणी यामुळे नर्सिंगच सोडून गेल्या ते आठवून बघा. माझ्या ओळखीत तिघी आहेत, तिघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या.

औषधात चूक झाली तर सांगू का? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

सांगायचं, लगेच, पेशंटला त्यातून वाचवता येतं तोपर्यंत. आणि इनचार्जने ठरवून ठेवायचं की सांगणाऱ्याला शिक्षा नाही. ज्या युनिटमध्ये मेमो मिळतो तिथे चुका कमी होत नाहीत, लपवल्या जातात. पोटॅशियम, इन्शुलिन, हेपॅरिन, नॉरॅड या औषधांना दोघींनी मिळून बघायचं, एकीने वाचायचं, दुसरीने स्वतंत्र गणित करायचं. पोटॅशियम क्लोराईड कधीच, कोणी कितीही घाई केली तरी, थेट शिरेत ढकलायचं नाही, हृदय बंद पडतं. त्याचे अँप्युल बेडजवळच्या ट्रेमध्ये ठेवूच नका.

एका सिस्टरकडे किती पेशंट असावेत?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूला एका पेशंटमागे एक नर्स असं आहे. कॅलिफोर्नियात २००४ पासून कायदाच लागू आहे, आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन. आपल्याकडे तीन असतात, कधी चार पण, सगळ्यांना माहिती आहे. हे एका रात्रीत बदलणार नाही. पण निदान व्हेंटवरचा आणि आयनोट्रोपवरचा पेशंट असेल तर त्या सिस्टरला दुसरा हलका द्या, आणि ओरिएंटेशनवाल्या मुलीला मोजून "आज पाच स्टाफ आहेत" म्हणू नका. चारच आहेत. दोन प्रेशर सोअर (बेडसोर), एक पेशंटने स्वतःहून काढलेली ट्यूब आणि एक राजीनामा, हा हिशोब मांडला तर पाचवा स्टाफ महाग पडत नाही.

तीन-चार महिन्यांनीच मुली का सोडतात? पहिले दोन महिने तर खुश असतात.

हे इतकं ठरलेलं आहे की मार्लीन क्रेमर या अमेरिकन नर्स-संशोधक बाईंनी १९७४ मध्येच यावर लिहिलं आणि त्याला रिॲलिटी शॉक नाव दिलं. सुरुवातीला सगळं छान वाटतं, नवीन युनिफॉर्म, पहिला पगार, घरी सगळ्यांना सांगून झालेलं असतं की आयसीयूत लागले. मग धक्का बसतो. कॉलेजात शिकलेलं असतं की पेशंटशी बोला, त्याला समजून घ्या, प्रत्येक प्रोसिजरला पूर्ण वेळ द्या, आणि इथे तीन पेशंटची बॅक केअर एका तासात उरकायची असते. मुलीला वाटतं मी वाईट नर्स झाले. घरी गेल्यावर झोपेत पण अलार्म ऐकू येतो, ड्युटीच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, रूमवर कोणी बोलायला नाही, आई फोनवर म्हणते जेवलीस का आणि तिला रडू येतं पण सांगता येत नाही. आपल्याकडे तर बीड, लातूर, नांदेड, यवतमाळकडच्या कितीतरी मुली पुण्या-मुंबईला पहिल्यांदाच घराबाहेर राहतात, सहा जणी एका खोलीत. केरळच्या मुली निदान ग्रुपने राहतात, त्या एकमेकींना धरून असतात. आपल्या मुली एकट्या पडतात.

आणि गंमत नाही, हे नेमकं त्याच वेळी होतं जेव्हा हॉस्पिटल म्हणतं झालं आता हिचं ट्रेनिंग, दोन पेशंट द्या. म्हणजे आधाराची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच आधार काढून घेतला जातो.

आमच्याकडे मी सातव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी प्रत्येक नवीन मुलीशी पंधरा मिनिटं बसते, चहा घेऊन, युनिटच्या बाहेर, हातात फॉर्म नसतो. चारच प्रश्न. कशाची भीती वाटते, कोणाला विचारायला संकोच वाटतो, झोप लागते का, राहायची जागा कशी आहे. साठाव्या दिवशी बऱ्याच जणी रडतात. रडू द्यायचं. मग त्या आठवड्याचं रोस्टर थोडं हलकं करायचं. राजीनामा आल्यावर एक्झिट इंटरव्ह्यू घेण्यात काय अर्थ आहे, तेव्हा तिचं सामान बांधून झालेलं असतं.

पगार वाढवला तर थांबतील ना? बाकी सगळं करायची गरज काय?

पगार वाढवाच, त्याशिवाय बाकीचं बोलणं खोटं वाटतं. सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली, तिने सांगितलं होतं की २०० पेक्षा जास्त बेडच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारीइतका असावा, १०० च्या वर बेड असतील तर सरकारीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावा, ५० ते १०० ला पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि ५० पेक्षा कमी बेड असले तरी महिन्याला २०,००० च्या खाली नको. इतकी वर्षं झाली आणि आजही मला याच्या खालच्या ऑफर लेटरचे फोटो येतात. आयसीयूचं काम करणाऱ्या मुलीला खोलीचं भाडं भरून घरी पाठवायला काही उरतच नसेल तर ती थांबणार कशी?

पण नुसता पगार पण पुरत नाही हे मी पाहिलंय. पाच हजार जास्त मिळतात म्हणून गेलेल्या मुलींना विचारा, निम्म्या जणी सांगतील की सुट्टी मिळत नव्हती, डबल ड्युटी करायला लावायचे, आणि रोस्टर आदल्या दिवशी कळायचं. महिन्याचं रोस्टर आधी लावणे, नाईट संपल्यावर नाईट ऑफ खरंच देणे, सणाला आळीपाळीने सुट्टी, याला पैसा लागत नाही.

ठरावीक काळ सोडणार नाही असा बॉन्ड करून घेतला तर?

बॉन्डवर थांबलेली सिस्टर कॅलेंडरवर दिवस खोडत ड्युटी करते, तिच्याकडून चांगलं काम कसं होईल? कायद्याने पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई, कागदावर लिहिलेली मोठी रक्कम आपोआप मिळत नाही. आणि मुलींनो, मूळ सर्टिफिकेट आणि रजिस्ट्रेशन कोणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

नाईट ड्युटीला घरचे पाठवायला घाबरतात.

त्यांचं चुकत नाही. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या स्टाफ नर्सवर, ड्युटी संपवून कपडे बदलत असताना, हॉस्पिटलच्याच तळघरात तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या पुढे ४२ वर्षं तिथेच होत्या, २०१५ मध्ये गेल्या. त्या सगळ्या वर्षांत केईएमच्या सिस्टरांनी पिढ्यानपिढ्या त्यांची सेवा केली, आणि २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नोंद केली की एवढी वर्षं अंथरुणावर असून त्यांना एकही बेडसोर झाला नाही. मी ओरिएंटेशनच्या पहिल्या दिवशी हे सांगते, दोन कारणांसाठी. एक, नर्सिंग केअर म्हणजे काय ते याच्याहून चांगलं कुठे दिसणार. आणि दोन, ती कपडे बदलायची जागा. चेंजिंग रूम युनिटला लागून, आतून कडी असलेली, उजेड असलेली पाहिजे. रात्री आठला सुटणाऱ्यांना घरापर्यंत गाडी पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे, तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर पहिल्याच दिवशी मुलीच्या हातात द्या.

नातेवाईक अंगावर धावून आले तर?

एकटीने बोलायचं नाही, वॉर्डबॉय मामांना आणि सिक्युरिटीला बोलवायचं, दाराजवळची जागा सोडायची नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्यांवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात नर्स पण येतात. तक्रार हॉस्पिटलने करायची, मुलीला एकटीला पोलीस स्टेशनला पाठवायचं नाही.

पण माझा अनुभव असा की बहुतेक भांडणं माहिती न मिळाल्याने होतात. ठरलेल्या वेळी दिवसातून दोनदा डॉक्टर बोलले की बाहेरची गर्दी शांत असते.

लग्न झालं की सोडतात, म्हणून मुलींवर खर्च कशाला करायचा, असं आमचे सर म्हणतात.

सरांना विचारा, परत यायला जागा ठेवली होती का? सव्वीस आठवड्यांची पगारी मॅटर्निटी लीव्ह २०१७ पासून कायद्यात आहे आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर पण. आमच्याकडे बाळंतपणानंतर परत आलेल्या दोन सिस्टरांना सहा महिने फक्त सकाळची ड्युटी दिली, दोघी आज प्रिसेप्टर आहेत. आणि ब्रदर लोक (पुरुष नर्स) सोडत नाहीत हा पण गैरसमज आहे, ते सरकारी भरतीची जाहिरात आली की जातात.

सगळे शेवटी परदेशीच जाणार, मग शिकवायचं कशाला?

जाणार, आणि जाऊ देत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, त्यात नर्सिंग पण आहे. मुली ड्युटी करून जर्मनचे क्लास करतात, कोणी ओईटी (इंग्रजीची परीक्षा) देतं, कोणी एनक्लेक्स (अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा), कोणी गल्फसाठी प्रोमेट्रिकची परीक्षा. लपवून करतात कारण कळलं तर चांगले पेशंट मिळणार नाहीत, शिकवणार नाहीत. मी उलटं करते, उघड विचारते कधी जायचा विचार आहे. दोन वर्षांनी म्हणाली तर ठीक, दोन वर्षं चांगली मिळाली, क्लासच्या वेळेप्रमाणे ड्युटी लावून देते. या मुली जाताना आपल्या जागी कोणाला तरी तयार करून जातात.

पुढे शिकायचं असेल तर आयसीयूत काय काय आहे?

बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचे कोर्स) आधी करा, कार्ड दोन वर्षं चालतं, खर्च हॉस्पिटलने करायला पाहिजे. मग एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा इन क्रिटिकल केअर नर्सिंग. बीएस्सी असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पोस्ट ग्रॅज्युएट रेसिडेन्सी कोर्स आहे. क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची आयएससीसीएम ही संघटना १९९३ मध्ये मुंबईतच सुरू झाली, ती नर्सेससाठी पण डिप्लोमा चालवते. पण शिकून आलेल्या सिस्टरला परत त्याच पगारावर त्याच तीन पेशंटना लावलं तर ती सहा महिन्यांत दुसरीकडे जाईल, तिला शिकवायचं काम द्या, इन्फेक्शन कंट्रोल द्या, हुद्दा द्या.

आमचं तालुक्याच्या गावी आठ बेडचं आयसीयू आहे, एज्युकेटर वगैरे कुठून आणू?

एज्युकेटर नको, तासभर वेळ पाहिजे. तुमच्याकडे एएनएम (नर्सिंगचा छोटा कोर्स) झालेल्या किंवा कोर्स न केलेल्या मुली पण आयसीयूत लावलेल्या असतील, मला माहिती आहे, त्यांना व्हेंटचा पेशंट एकटीला देऊ नका, हे आधी. मग आठवड्यातून एकदा दुपारी, ओपीडी संपल्यावर, डॉक्टरांनी स्वतः एका पेशंटच्या बेडजवळ उभं राहून शिकवायचं, एकच विषय, एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) कसा काढायचा, सक्शन कधी करायचं आणि कधी नाही. पंपाचा तक्ता भिंतीवर. डॉक्टरांना कॉल करायची पद्धत एकच ठरवा: कोण पेशंट, काय चाललंय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. रात्री दोनला फोन केल्यावर चिडू नका. एकदा चिडलात की पुढच्या वेळी ती फोन करणार नाही, सकाळपर्यंत वाट बघेल.

माझा पहिला पेशंट गेला, दोन दिवस जेवण जात नाहीये. मी आयसीयूसाठी नाहीये का?

तू आयसीयूसाठीच आहेस. पहिला पेशंट सगळ्यांना आठवतो, मला बेड नंबर, त्यांच्या हातातला गंडा आणि त्यांची बायको दारात कशी उभी होती ते सगळं आठवतं. प्रिसेप्टरशी बोल, त्या रात्री काय काय केलं ते ओळीने सांग, बहुतेक वेळा बोलताना कळतं की करण्यासारखं सगळं केलं होतं. पंधरा दिवसांनंतरही झोप आणि जेवण येत नसेल तर समुपदेशकाकडे जा, यात लाज कसली.

इनचार्जनी एक करा. पेशंट गेल्यावर त्या सिस्टरला लगेच पुढची ॲडमिशन देऊ नका. दहा मिनिटं द्या. बॉडी तयार करताना प्रिसेप्टरने सोबत राहायचं, पहिल्यांदा ते एकटीने करायला लावायचं नाही.

सोडून गेलेली परत येते म्हणाली तर घ्यायची का?

घ्यायची. गेल्या वर्षी एक मुलगी साडेतीन महिन्यांत सोडून गेली होती, दुसऱ्या ठिकाणी जास्त पगार होता. आठ महिन्यांनी मेसेज आला, सिस्टर जागा आहे का. मी विचारलं काय झालं, म्हणाली तिथे पहिल्याच आठवड्यात नाईटला तीन व्हेंट दिले, विचारायला कोणी नव्हतं. तिला परत घेतलं, चार आठवडे पुन्हा प्रिसेप्टरसोबत ठेवलं. या महिन्यापासून तिच्या हाताखाली एक नवीन मुलगी दिलीये, परवा नाईटला बघितलं, दोघी सात नंबरच्या बेडजवळ नॉरॅडची दुसरी सिरिंज आधी लावून ठेवत होत्या.